सुरी कशाला पाहिजे?

लग्नात-बारशात कुणी नवी बाई शेजारी येऊन बसली की गप्पा सुरू होतात आणि ती विचारते, "तुम्ही काय करता?" मी सांगते, "सुऱ्या विकते." ती हसते. मी चेष्टा करतेय असं तिला वाटतं. मग माझी धाकटी बहीण मधे पडते, "अहो, खरंच विकते. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत दुकान आहे ताईचं." हे ऐकलं की ती बाई जराशी सरकून बसते. आणि निघायच्या वेळेला हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणते, "आमची विळी टमाट्याला नुसती दाबते बघा. काय करावं?"

माझे वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ग्राइंडरवर होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्यांनी हे दुकान टाकलं. आधी नुसती धार लावून द्यायचे, विक्री पुढं सुरू झाली. मी थोरली. शाळा सुटली की दुकानात, असं करत करत तिथलीच झाले. आता वडील नाहीत, माझेही केस पिकले, तरी नवं गिऱ्हाईक आत डोकावून विचारतंच, "मालक कुठं गेले?" मी म्हणते, "मालक तुमच्यासमोर उभे आहेत, बोला." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, शेजारी बुद्धाचा. त्यावरूनही लोकांची जीभ वळवळते. "बुद्धाच्या पायाशी सुऱ्या मांडल्या का ताई?" वडिलांचं उत्तर ठरलेलं असायचं. "भिक्खूच्या आठ वस्तूंत वस्तरा पण असतो. जा, विहारात विचारून ये." मीही तेच सांगते.

दुकानात स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, शिंप्याच्या कात्र्या, खाटकाचे सत्तूर, चांभाराची रापी, शेतातले विळे-कोयते असा सगळा पसारा. काम करणारं गिऱ्हाईक लगेच ओळखू येतं. ते पात्याकडं नंतर बघतं, आधी मूठ दाबून बघतं. दिवसभर तीच मूठ धरायची असते, हाताला फोड येणार असेल तर पातं सोन्याचं असून काय उपयोग! ज्याला काही कापायचंच नाही तो चाकू उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो आणि समोरच्या आरशात स्वतःला बघतो. आरसा मी मुद्दाम लावलाय.

आणि प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारते. कशाला पाहिजे? बटाटे घ्यायला गेल्यावर भाजीवाला विचारतो का, कशाला पाहिजेत म्हणून? नाही. पण मी विचारते. मुळात माझा स्वभाव भोचक. शेजारच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय हिच्या घशाखाली घास उतरत नाही, असं आई म्हणायची. धंद्यात तो भोचकपणा कामी आला.

कायदा आहेच. पातं किती लांब, किती रुंद असलं की ते हत्यार धरायचं, याची मापं ठरलेली आहेत. घरकामाच्या आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे. बटण दाबलं की खटकन उघडणारा चाकू वडिलांनी कधी ठेवला नाही, मीही ठेवत नाही. पोलीस ठाण्यात आम्हा सुरीवाल्यांना बोलावून अधूनमधून तंबी देतात, गिऱ्हाइकाचं नाव-गाव घ्या म्हणून. ते मी घेते. पण नाव-गावातून माणूस कळतो थोडाच? टीचभर सुरीनंही जीव जातो. म्हणून माझा स्वतःचा एक कायदा आहे. सुरी माणसासाठी पाहिजे असेल तर मिळणार नाही. मारायला नाही, भीती दाखवायला नाही आणि स्वतःच्या रक्षणालाही नाही.

एकदा पाच-सहा पोरं आली, गळ्यात साखळ्या, अंगाला अत्तराचा घमघमाट. "काकू, भाऊंचा वाढदिवस आहे. मोठ्यातलं काय आहे? तलवारच दाखवा."

"तलवार कशाला रे बाबा?"

"केक कापायला."

"केवढा केक आहे? चौकाएवढा?"

एक जण हसला, बाकीचे रागावले. मी म्हटलं, बेकरीवाला केकबरोबर प्लास्टिकची सुरी फुकट देतो, तीच वापरा आणि भाऊंना म्हणावं शंभर वर्षं जगा. शिव्या देत गेले. हल्ली अशी पोरं माझ्याकडं येतच नाहीत. मोबाईलवर मागवतात, ड्रॅगनच्या मुठीचे, कवटीचं चित्र असलेले, आणि घरपोच खोकं येतं. तिथं कशाला पाहिजे म्हणून कुणी विचारत नाही. मला वाईट वाटतं ते गिऱ्हाईक गेल्याचं नाही. वाईट याचं, की आत काय आहे ते न कळता त्या मुलाच्या आईनंच ते खोकं सही करून घेतलेलं असतं.

पोरांना हाकलणं सोपं. एक मुलगी आली होती, तिला नाही म्हणणं जड गेलं. शेंद्र्याला कंपनीत होती, करमाडला राहायची. बसमधून उतरल्यावर घरापर्यंतचा रस्ता सुना. "पर्समध्ये मावेल अशी द्या ताई. सेल्फ डिफेन्सला." मी एक मिटणारी सुरी तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, "ही पर्समध्ये टाक. चेन लाव. आता मी तुझा हात धरते, काढून दाखव." मी हात धरला. तिनं दुसऱ्या हातानं चेन उघडली. आधी कंगवा निघाला, मग डब्यातला चमचा, मग किल्ल्या. सुरी हाताला लागली तर उघडता येईना, उघडली तर ती माझ्याच हातात आली. "बघ, आता ही कुणाकडं आहे?" मी म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग मी काय करू?" मी तिला सांगितलं की एकटी उतरू नकोस, दोघीतिघी मिळून चला, आणि कोण त्रास देतोय ते मला सांग, आपण दोघी ठाण्यात जाऊ. तिनं मान हलवली, नाव काही सांगितलं नाही, आणि पुन्हा आलीही नाही. माझं काही चुकलं असं वाटत नाही. पण करमाडची बस दिसली की मी अजून आत वाकून बघते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं नाही-नाही करून ही बाई विकते काय? तर ऐका. ज्यांना काहीच कापायचं नसतं असेही भले लोक जगात आहेत, हे मला एका एसटी ड्रायव्हरनं शिकवलं.

रंगनाथ मामा. गाव फुलंब्री. खाकी कपड्यातच पहिल्यांदा दुकानात आले. शिंगाच्या मुठीची एक मिटणारी सुरी कपाटात होती, तिच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ही दाखव गं पोरी."

मी सुरी समोर ठेवली आणि विचारलं, "कशाला पाहिजे मामा?"

"कशालाच नाही."

"म्हणजे?"

"भाजी बायको चिरती. सुपारी मी खात नाही. मला कशाला लागती सुरी? नुसती पाहिजे."

मी दिली नाही. नुसती पाहिजे म्हणणाऱ्याचा मला जास्तच संशय आला. मामा हसले आणि गेले. पुढच्या फेरीला आले ते पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत सुती फडक्यात गुंडाळलेल्या सुऱ्या, चाकू, अडकित्ते. मामांच्या गाडीचा मुक्काम ज्या ज्या गावी पडायचा तिथला लोहार हुडकायचा आणि त्याच्या हातची एक वस्तू घ्यायची, हा त्यांचा नाद. एकेक उचलून सांगायला लागले. "ही भोकरदनची. हिचं टोक बघ कसं वर उचललंय. ही उदगीरची, हिचं टोक खाली झुकलंय. का? तिथला लोहार म्हणला, आमचा बाप असंच करायचा. बापाला विचारलं असतं तर त्यो म्हणला असता, माझा बाप असंच करायचा. गावाचा हात असतोय गं लोखंडात." एकाही पात्यावर गंजाचा ठिपका नव्हता. मी हरखून बघत बसले. समोर दोन गिऱ्हाइकं ताटकळली तरी मला भान नव्हतं.

ती सुरी मी मामांना विकली, पण अट घातली. दर वर्षी खंडेनवमीला सगळी पेटी घेऊन यायचं आणि मला दाखवायची. वडील चिडले. "गिऱ्हाइकाची परीक्षा घेतेस का?" मी म्हटलं, व्हय, घेते. मामांना मात्र अट फार आवडली. त्यातून आमच्या दुकानाची चालच पडली. हौसेनं सुऱ्या जमवणारा कुणीही असो, डॉक्टर, शेतकरी, जुनी वस्तू जमवणारा, मी विकते, पण नवमीला त्यानं वस्तू घेऊन यायचंच. जो दोन वर्षं आला नाही त्याला पुढची वस्तू नाही. आम्ही बौद्ध, हत्यारांची पूजा काही करत नाही. मी तेल लावते. शिलाई मशिनचं तेल, पातळ हात, मग कोरडं फडकं. ज्यांना घरी पूजा करायची ते स्वच्छ करून नेतात. दुसऱ्या दिवशी त्यांचा दसरा, माझा धम्मचक्राचा दिवस, मी पांढरी साडी नेसून लेणीवर जाते.

नवमीला दुकानात बाकडी टाकते, चहाचा किटलीवाला सांगून ठेवते. काझीसाहेब म्हणून एक निवृत्त प्राध्यापक येतात. त्यांच्याकडं आजोबांच्या काळातले अडकित्ते. पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या प्रश्नाला म्हणाले होते, "बाई, मेरेकू काटने का नक्को, देखने का होना." मामा आणि काझीसाहेब शेजारी बसायचे आणि एकमेकांच्या वस्तूंना नावं ठेवायचे. बाकीच्यांना मामांनी शिस्त लावली. उघडी सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही, फळीवर ठेवायची, मूठ समोरच्याकडं, मग त्यानं उचलायची. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवायची नाही, चामडं ओल धरतं आणि पातं खातं. कुणी चुकलं की मामा लगेच, "अरे ए, न बघता गाडी रिव्हर्स घेतोस का?" असे ओरडायचे.

आता मूळ गोष्टीवर येते. एका नवमीला मामा आले ते उशिरा. पेटी उघडली तर सगळ्या सुऱ्या चामड्याच्या म्यानात कोंबलेल्या. भोकरदनच्या पात्यावर तांबूस डाग. मी काही बोलणार तेवढ्यात मामांनी दुसरी सुरी काढून उघडीच माझ्यापुढं धरली, टोक माझ्या पोटाकडं. काझीसाहेबांचा चहाचा कप तसाच राहिला. मी हळूच बाजूला झाले आणि म्हटलं, "मामा, फळीवर ठेवा." त्यांनी ठेवली. मग पुढं वाकून हळू आवाजात म्हणाले, "शोभे, मला एक बारकी दे. पटकन निघंल अशी. उशाखाली ठेवायला."

मी सवयीनंच विचारलं, "कशाला पाहिजे मामा?"

"घरात कोण तरी बाई शिरतीय. माझ्या कपाटाला हात लावती. समदे म्हणत्यात असं काय नाय. मला दिसतंय ना."

इतक्या वर्षांचं हे माणूस, माझ्या दुकानाला ज्यांनी शिस्त लावली, त्यांना मी नाही म्हणायचं? आणि तेही चार लोकांसमोर? मी म्हटलं, "उशाखाली ठेवायला मी कुणालाच देत नाही मामा. तुम्हाला माहितीय."

"मला? मला नाय म्हणतेस?" त्यांचा आवाज चढला. "उभ्या जन्मात मी सुरीनं काकडी तरी चिरली का गं?"

पेटी बंद करून ते तेल न लावताच निघाले. "नाराज हो गए मामा," काझीसाहेब म्हणाले. "होऊ देत," मी म्हटलं, पण त्या दिवशी मला कशातच राम वाटेना. ही बाई कोण, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. खरंच कुणी चोरी करत असेल तर?

दसरा होऊन काही दिवस गेले आणि दुपारी एक तरुण बाई दुकानात आली. दवाखान्यातला निळा गणवेश, खांद्याला पिशवी. "मी वैशाली. रंगनाथ मामांची सून." आमच्याकडं सासऱ्यालाही मामाच म्हणतात. ती रोज फुलंब्रीहून शहरात कामाला येते, नवरा पुण्यात नोकरीला. घरात ती, तिची लहान लेक आणि मामा. सासूबाई मागेच गेल्या. मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"ताई, ते तुम्हाला बोलले ना, घरात बाई शिरते म्हणून? ती बाई मीच आहे."

मामांना विसरण्याचा आजार झाला होता. सकाळी चांगले असायचे, दुपार कलली की माणसं हरवायची. वैशाली धुतलेले कपडे ठेवायला कपाट उघडायची आणि मामांना ती कोण हे आठवायचं नाही. आदल्या दिवशी त्यांनी उघडी सुरी तिच्यासमोर धरली होती. "कोण गं तू?" म्हणून. तिची लेक तिच्या पदराला धरून मागं उभी होती.

"ओरडले नाही मी," वैशाली म्हणाली. "मामा, मी पाव्हणी आहे, जाते लगेच, म्हटलं आणि पोरीला घेऊन मागं मागं आले. डॉक्टर म्हणतात धारदार काही ठेवू नका घरात. तुम्ही पेटी घेऊन जा. सकाळी ते पारावर जातात तेव्हा या. त्यांना कळणार पण नाही."

"कळेल," मी म्हटलं. "बाकी सगळं विसरले तरी पेटी गेलेली कळेल. आणि चोर शिरतोय असं त्यांना वाटतंच आहे, आता मी खरंच चोरी करू का?"

"मग काय त्यांना विचारत बसू?" ती माझ्यावर उसळली. "तुम्हाला पेटीचं पडलंय ताई. माझी पोरगी आहे त्या घरात."

तिचं अगदी खरं होतं. गिऱ्हाइकाला शंभर प्रश्न विचारणारी मी, पण त्या गिऱ्हाइकाच्या घरात कोण राहतं हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. शेवटी आमचं असं ठरलं की रविवारी सकाळी मी जायचं, मामांशी बोलायचं. ते हो म्हणाले तर ठीक. नाही म्हणाले तरी पेटी त्या घरात राहणार नाही, मी घेऊन येणार. तोवर वैशालीनं पेटीला कुलूप घालून किल्ली स्वतःकडं ठेवायची.

रविवारी फुलंब्रीला उतरले. पिशवीत एक मोठी गोणी घेतली होती, आणि सवयीनं कानस आणि दगडही. मामा ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. मला बघितल्याबरोबर चष्मा काढला. "शोभे! भांडायला आलीस का?"

ओळखलं! मला इतका आनंद झाला की भांडणाचं विसरूनच गेले. वैशालीनं चहा आणला, कप मामांच्या पुढ्यात लांबूनच सरकवला आणि दारात जाऊन उभी राहिली. पोरगी आत, दाराआडून बघत होती. आमच्या गप्पा सुरू झाल्या. काझीसाहेब कसे आहेत, गुलमंडीत खोदकाम झालं का, सगळं विचारलं त्यांनी. मला मूळ विषय काही काढवेना. शेवटी त्यांनीच काढला.

"पेटीला कुलूप घातलंय हिनं. किल्ली देत नाय. तू त्यासाठीच आलीस ना?"

"हो मामा."

"मी काय केलंय?"

मी वैशालीकडं पाहिलं. ती मान हलवून नको म्हणत होती. पण मला खोटं बोलायला जमत नाही. मी सांगितलं. सुरी उघडली होती, समोर वैशाली होती, मागं पोरगी होती. मामा ऐकत राहिले. त्यांना त्यातलं काहीही आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चहावर साय आली.

मग ते म्हणाले, "एक सांग. आत्ता मी तुझ्या दुकानात आलो, नवं गिऱ्हाईक म्हणून, आणि सुरी मागितली, तर मला देशील का?"

मला वाटलं, जीभ झडावी आणि हे उत्तर द्यायला लागू नये. पण मामांनी विचारलं होतं.

"नाही मामा. नाही देणार."

मला वाटलं, आता ओरडतील, हाकलतील. पण मामा म्हणाले, "खरं बोललीस. घरात समदे मला व्हय मामा, व्हय मामा करत्यात. पोरगा फोनवर पण व्हयच म्हणतो. पण चहा लांबून येतोय. ताट लांबून येतंय. नात जवळ येत नाय. मला काय झालंय ते कुणी सांगंना, पण कप कुठून येतोय ते दिसतंय की मला."

वैशालीनं तोंडाला पदर लावला आणि आत गेली.

"पेटी नेतेस तर ने," मामा म्हणाले. मग जरा थांबून, "नायतर धार काढून टाक समद्यांची. माझ्याजवळ राहू दे. चालंल का?"

"धार काढली तर वस्तू गेली मामा. मग त्याला कुणी विचारत नाही."

"मला कुठं विकायच्यात?"

मला पुढचं सांगावंच लागलं. "नुसती धार काढून भागणार नाही. टोकही घासावं लागेल. टोक राहिलं तर सुरी शिरते."

इथं मात्र मामांचा चेहरा उतरला. भोकरदनचं वर उचललेलं टोक, उदगीरचं झुकलेलं, सगळा जीव त्यांचा त्या टोकांत होता. "टोक पण?" त्यांनी विचारलं.

"टोक पण."

आतून वैशालीनं पेटी आणली, किल्ली फिरवली. मामांनी पेटी जवळ ओढली, वरचीच सुरी काढली, म्यान उतरवलं आणि मूठ माझ्याकडं करून ती जमिनीवर ठेवली. "घे."

मी कानस काढली. मी आयुष्यभर लोखंडाला धार लावली, चांगल्या पात्याचं टोक मुद्दाम घासायची वेळ कधी आली नव्हती. पहिला हात मारला. मामांनी डोळे मिटले. मला राहवेना, मी विचारलं, "ही कुठली मामा?"

"उदगीरची," डोळे न उघडता ते म्हणाले. मग त्या लोहाराचं बोलायला लागले. त्याच्याकडं एक बोकड होता, तो भात्याची दोरी खायचा, म्हणून लोहार काम कमी आणि बोकडाला शिव्या जास्त द्यायचा. दाराआड खुदकन हसू आलं. मी दुसरी घेतली. ही कुठली? मग तिची गोष्ट. सुऱ्या संपत गेल्या तशी पोरगी दारातून ओसरीवर आली, ओसरीवरून आजोबांच्या गुडघ्यापाशी. मी एकेक पातं माझ्या पंजावर दाबून बघायचे आणि मग वैशालीच्या हातात द्यायचे. तीही दाबून बघायची, अगदी जोर लावून. मला तिचा राग आला नाही. माझ्या दुकानात असती तर मी तिला कामावर ठेवलं असतं. शेवटची सुरी तिनं स्वतः मामांच्या हातात दिली आणि तिथंच त्यांच्याजवळ खाली बसली.

ऊन चढलं होतं, मामा दमले होते. दुपार कलायच्या आत निघावं म्हणून मी उठले. आणलेली गोणी रिकामीच घडी करून पिशवीत टाकली. मामा पायरीपर्यंत सोडायला आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "शोभे, पुढच्या नवमीला या बोथट सुऱ्या घेऊन आलो, तर बसू देशील का लोकांत?"

मला एकदम रडूच आलं. रस्त्यावर उभी राहून रडले, लोक बघत होते तरी. "तुम्ही नाही आलात ना मामा, तर त्या दिवशी मी दुकानच उघडणार नाही," मी म्हटलं.

"असं कसं?" मामा रागावले. "नवमीचं गिऱ्हाईक परत घालवतीस का काय?"